कारवानसाठी यूएचएफ रेडिओ: १,४५० डॉलर घालावेत का?

प्रश्न थोडक्यात: मेलबर्नच्या टार्नीटमध्ये राहणाऱ्या एका जोडप्याने सेकंडहँड कारवान (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतली आहे. सप्टेंबरमध्ये नलारबॉर या ओसाड मैदानामार्गे पर्थला जायचा बेत आहे. सांगलीहून आलेले आई-बाबा सोबत असतील आणि एक मित्रकुटुंब दुसऱ्या गाडीने येईल. दुकानाने यूएचएफ रेडिओचं, म्हणजे आसपासच्या गाड्यांशी बोलायच्या टू-वे रेडिओचं, १,४५० डॉलरचं कोटेशन दिलं आहे: रेडिओ ४८०, दोन एरियल ३३०, पाच वॉटच्या हँडहेल्डची (हातात धरायच्या वॉकीटॉकीची) जोडी २८०, बसवणूक २५०, वाढीव वॉरंटी ११०. यजमानांना हे हवं आहे. बाईंचं म्हणणं, प्रत्येकाकडे मोबाइल असताना हा खर्च कशाला, तेच पैसे होमलोनच्या ऑफसेट खात्यात (यातल्या शिल्लकेइतक्या कर्जावर व्याज लागत नाही) राहू देत.

नमस्कार. दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. रेडिओ घ्या, पण हे कोटेशन जसंच्या तसं घेऊ नका. आणि त्याआधी दोन कामं उरकायची आहेत, ती या पत्रात कुठेच दिसली नाहीत म्हणून मला जास्त काळजी वाटली.

आधी मोबाइलचं बघू. ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर आहे. टेल्स्ट्रा हे इथलं सर्वांत मोठं जाळं, आणि त्याचा स्वतःचा दावा साधारण ३० लाख चौरस किलोमीटरवर सिग्नल देण्याचा. लोक राहतात तिथे सिग्नल असतो, पण तुम्ही जाणार आहात ती आयर हायवे बऱ्याच अंतरात माणसांपासून लांब आहे. बॅलडोनिया ते कायगुना हा १४६.६ किलोमीटरचा एकही वळण नसलेला पट्टा त्याच वाटेवर लागतो. शिवाय सिग्नल असला तरी समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याचा नंबर तुमच्याकडे नसतो. यूएचएफ रेडिओचा खरा उपयोग इथे आहे: पाच-दहा किलोमीटरच्या परिसरात जो कोणी रस्त्यावर आहे, त्याच्याशी ओळख नसताना बोलता येतं.

आयर हायवेवर ३६.५ मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे एकाहून जास्त ट्रेलर ओढणारे ट्रक, धावतात. घरं किंवा खाणीची यंत्रं वाहून नेणारे अतिरुंद ट्रक येतात, तेव्हा पुढे चालणारी पायलट गाडी चॅनल ४० वर आधीच सांगत येते. ते ऐकू आलं तर कारवान बाजूला घ्यायला मोकळी जागा शोधण्याइतका वेळ मिळतो. ऐकू आलं नाही तर अडीच मीटर रुंद कारवान घेऊन ऐन वेळी कच्च्यात उतरावं लागतं. मागून येणारी रोड ट्रेन तुम्हाला ओलांडणार असेल, तर तिचा चालक रेडिओवर तसं कळवतो आणि तुम्ही ॲक्सिलरेटर थोडा सोडता. म्हणून अनेक कारवानवाले मागच्या बाजूला 'यूएचएफ ४०' असं स्टिकर लावतात. तुम्हीही लावा. मित्राच्या गाडीशी गप्पा मात्र चॅनल १८ वर, तो कारवानवाल्यांचा मानला जातो. डुअल वॉच लावलं की दोन्ही चॅनल ऐकू येतात. पाच आणि पस्तीस फक्त आणीबाणीसाठी राखलेले आहेत; मुलांच्या हाती हँडहेल्ड देण्याआधी हे त्यांना नीट सांगा, कारण गैरवापराला दंड आहे.

कायद्याचाही एक फायदा आहे. गाडी चालवताना मोबाइल हातात घेणं गुन्हा आहे, पण वाहतूक नियमांनी मोबाइलच्या व्याख्येतून सीबी (सर्वसामान्यांसाठीचा खुला रेडिओ, तुमचा यूएचएफ त्यातलाच) आणि इतर टू-वे रेडिओ वगळले आहेत. या रेडिओला वैयक्तिक परवाना लागत नाही, वार्षिक फी नाही, मासिक बिल नाही. एकदाच खर्च करून संपणारी वस्तू म्हणून मला ती आवडते.

आता कोटेशन. यूएचएफ सीबीला कायद्याने कमाल ५ वॉटचीच परवानगी आहे. म्हणजे अडीचशेचा रेडिओ असो की पाचशेचा, पाठवण्याची ताकद तीच. महागड्यात ऐकण्याचा दर्जा बरा असतो आणि सगळी बटणं माइकवरच येतात, जे नव्या गाड्यांच्या भरगच्च डॅशबोर्डला सोयीचं पडतं. तेवढ्यासाठी ३०० डॉलरच्या आसपासचं मॉडेल पुरेल. पल्ला ठरवतो तो एरियल आणि त्याची बसवणूक, म्हणून तिथे काटकसर नको. सपाट प्रदेशाला ६ डीबीआय गेनच्या (गेन म्हणजे लहरी एका दिशेत एकवटण्याची क्षमता) आसपासचं एकच चांगलं एरियल घ्या, साधारण १५० डॉलरचं. कमी गेनचं दुसरं एरियल डोंगराळ भागासाठी असतं. व्हिक्टोरियाच्या हाय कंट्रीत जायचं ठरेल तेव्हा बघू. बसवणुकीचे २५० द्या. हँडहेल्ड २ वॉटची जोडी शंभरात येते, कारण तुमचं तिच्याशी मुख्य काम पार्कमध्ये कारवान मागे घेताना आहे. एक जण स्टीअरिंगवर, एक मागे उभा, आणि दोघांत हातवारे व ओरडणं नाही. एका ओरखड्याचा विम्याचा एक्सेस, म्हणजे दाव्यात आपल्या खिशातून भरायची रक्कम, या जोडीपेक्षा जास्त असतो. वाढीव वॉरंटी सोडा, ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याची हमी तुम्हाला मिळतेच.

झाले ८०० डॉलर. ६५० वाचले. होमलोनचा दर ६ टक्के धरला तर ऑफसेटमध्ये ते वर्षाला ३९ डॉलर व्याज वाचवतील. रक्कम छोटी आहे, म्हणून मी ते ६५० ऑफसेटमध्ये ठेवायला सांगणार नाही. ते पुढच्या दोन कामांना लावा.

पहिलं काम आई-बाबांचं. मेडिकेअर या इथल्या सरकारी आरोग्य योजनेचा भारताशी परस्पर करार नाही, त्यामुळे व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना इथे उपचाराचा पूर्ण खर्च स्वतः करावा लागतो. नलारबॉरवर काही झालं तर हायवेचेच काही तुकडे फ्लाइंग डॉक्टर या हवाई वैद्यकीय सेवेच्या विमानाची धावपट्टी म्हणून आखलेले आहेत, इतकं रुग्णालय दूर आहे. त्यांच्या पॉलिसीत ॲम्ब्युलन्स आणि आधीपासूनचे आजार धरले आहेत का, हे कंपनीकडून लेखी घ्या. बाबांचा रक्तदाब किंवा आईंचा मधुमेह पॉलिसीबाहेर असेल तर कव्हर वाढवण्यासाठी पैसे आधी इथे जातील, मग रेडिओ मागे पडला तरी चालेल.

दुसरं, वजन. सगळी माणसं, पाण्याच्या टाक्या आणि महिन्याभराचं सामान भरून गाडी व कारवान सार्वजनिक वजनकाट्यावर न्या. मर्यादेपेक्षा जास्त वजन निघालं आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. सेकंडहँड कारवानच्या टायरांची नक्षी खोल दिसत असली तरी बाजूवरचं उत्पादनाचं वर्ष वाचा. जुने असतील तर बदला.

आणि रेडिओकडून एक अपेक्षा ठेवू नका: आसपास कोणी नसेल तर तो मदत बोलावू शकत नाही. त्यासाठी पीएलबी (उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र) घ्या, तीनशे-चारशे डॉलरला मिळतो, मासिक शुल्क नाही, 'आम्सा' या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी मोफत. तुमच्यापैकी कोणाकडे आयफोन १४ किंवा नंतरचा असेल तर त्यातली उपग्रहामार्फत मदत मागायची सोय निघण्याआधी दोघंही डेमोवर शिकून घ्या, मग पीएलबी या वर्षी टाळला तरी मी अडवणार नाही.

मित्राला आजच फोन करून विचारा की त्यांच्या गाडीत रेडिओ आहे का. नसेल तर तुमच्या जोडीतला एक हँडहेल्ड त्यांना द्या. गाडीच्या आतून २ वॉटला फार तर किलोमीटर-दोन किलोमीटर मिळेल, पण एकामागोमाग चालायला तेवढं पुरतं. अमेरिकेतल्या भावाकडून स्वस्त वॉकीटॉकी मागवू नका: तिकडचे ४६२ मेगाहर्ट्झवर चालतात, इथले ४७७ वर, आणि तिकडचे इथे वापरणं बेकायदा आहे. तसंच हा संच परतताना बाबांसोबत सांगलीला पाठवू नका, भारतात या बँडला परवान्यातून सूट नाही.