रामा शेट्टी आणि जोतीराव

प्रश्न : ‘अर्धसत्य’ या हिंदी चित्रपटातला गुंड रामा शेट्टी आणि दूरदर्शनच्या ‘भारत एक खोज’मधले महात्मा फुले एकाच नटाने केले, असे माझा भाचा म्हणतो. मला काही पटत नाही. – एक वाचक, संगमनेर

उत्तर : पैज लावली असेल तर मुकाट्याने देऊन टाका. दोन्ही सदाशिव अमरापूरकरच. आमच्या नगरचा माणूस, जन्म 1950 चा. ओळखीपाळखीचे सगळे ‘तात्या’ म्हणत. आणखी भर घालतो. ‘22 जून 1897’ या 1979 च्या मराठी चित्रपटात लोकमान्य टिळकही त्यांनीच केले होते. टिळक आणि जोतीराव, दोघांचेही पागोटे एकाच डोक्यावर! महाराष्ट्रात हे जमवणे सोपे नाही.

‘हॅंड्स अप’ नाटकातले त्यांचे काम ‘अर्धसत्य’चे दिग्दर्शक गोविंद निहलानींच्या नजरेत भरले आणि 1983 मध्ये रामा शेट्टी मिळाला. पटकथा विजय तेंडुलकरांची. भूमिका इनमिन चार-पाच प्रसंगांची. तरी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार घेऊन आले. तोवर हिंदीतला खलनायक म्हणजे गडगडाटी हसणारा. हा माणूस आवाजच चढवत नाही. दाक्षिणात्य हेलात, शब्द सुटे सुटे टाकत बोलतो, आणि समोरच्या इन्स्पेक्टर वेलणकरची किंमत त्याने आधीच ठरवलेली असते. शेवटी वेलणकर त्याचा गळा दाबतो, तेव्हाही आपल्याला सुटल्यासारखे वाटत नाही. आणि गंमत बघा, वेलणकर झालेले ओम पुरीच पुढे ‘भारत एक खोज’चे निवेदन करतात.

1991 चा ‘सडक’ आला आणि साडीतली ‘महारानी’, म्हणजे कोठा चालवणारी तृतीयपंथी खलनायिका, बघून थेटरातल्या शिट्ट्या बंद पडल्या. फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, तो पहिला यांनाच. बायकी हातवारे करून हशा घेणे सहज शक्य होते. त्यांनी तो मोह टाळला. पुढे मात्र हिंदीवाल्यांनी या नटाला फार स्वस्तात वापरले, हे माझे स्पष्ट मत. ‘आँखें’, ‘कुली नं. 1’, ‘इश्क’… ‘कुली’तला लग्नं जुळवणारा शादीराम घरजोडे मलाही हसवतो, नाही असे नाही. पण रामा शेट्टीच्या तोडीचे पुन्हा किती लिहिले गेले?

प्रश्न : पडद्यावर इतके दुष्ट, प्रत्यक्षात कसे होते? त्यांचे शेवटचे काम कोणते? – एक वाचक, बार्शी

उत्तर : डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्याबरोबर ‘सामाजिक कृतज्ञता निधी’साठी ते राबले. चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे म्हणून उभारलेला हा निधी. 2013 च्या दुष्काळात होळीला पाण्याची नासाडी करू नका, असे मुंबईत सांगायला गेले, तर त्यांनाच धक्काबुक्की झाली. वय तेव्हा बासष्ट.

त्याच वर्षी ‘बॉम्बे टॉकीज’ आला. त्यातल्या दिबाकर बॅनर्जींच्या गोष्टीत ते दिवंगत नाट्यगुरू होऊन येतात आणि नवाजुद्दीन सिद्दीकीला चांगले झापतात. हिंदीतले ते अखेरचे. 3 नोव्हेंबर 2014 रोजी मुंबईत गेले. काय पाहू म्हणाल, तर आधी ‘अर्धसत्य’ पाहा, मग सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयीचा मराठी ‘दोघी’. ‘इश्क’ टीव्हीवर लागतोच अधूनमधून.