गवताळ माथा, मुलांसोबत

चढ सोपा असला तरी वेळेचा हिशेब मुलांच्या पायांनीच करा. ताशी ५ किमी, शिवाय दर ६०० मीटर चढाईला १ तास, हे मोठ्यांचं गणित. मुलं असतील तर निदान दीडपट धरा.

खरी घसरगुंडी उतरताना होते. ओलं गवत निसरडं असतंच, पण वाळून आडवं पडलेलंही तितकंच फसवं. तिथे टाच रोवत छोटी पावलं टाका. त्याआधी माथ्यावरच बुटांच्या नाड्या घोट्यापाशी आवळा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं दुखतात.

माथ्यावर आडोसा नसतो; घामेजलेलं मूल वाऱ्यात लगेच कुडकुडतं, म्हणून जॅकेट पोहोचताक्षणी चढवा. आणि ढग गडगडले की माथा कितीही जवळ असो, तिथूनच मागे फिरा.