परदेशातल्या भारतीयांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांचा काय उपयोग? त्यांनी परत यायला नको का?

इथे शिकून बाहेर गेलेले डॉक्टर तिथल्या भारतीयांसाठी शिबिरं घेतात, तिथल्या डॉक्टरांना शिकवतात, त्याचा काय उपयोग, असं तुम्ही विचारलंय. मी दादरला २२ वर्षं फॅमिली डॉक्टर आहे. माझा दादा न्यू जर्सीत असतो.

चार वर्षांपूर्वी तो गणपतीला आला. तिकडे नुकतीच तपासणी झाली होती. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६९ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३.९. ‘नॉर्मल’ म्हणून साखर बघितलीच नाही. आरतीला उभा राहिला तेव्हा सदऱ्याच्या दोन बटणांमध्ये फट पडलेली. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेऊन कमरेला टेप लावली. ९७ सेंटिमीटर! आपल्याकडच्या पुरुषांची ९०च्या आत हवी. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ७.९ आलं. मधुमेहच. वहिनी रिपोर्ट हातात धरून म्हणाली, “अगं, पण हे तर बारीकच आहेत गं.”

बारीक माणसाच्या अंगात केवढी चरबी असू शकते ते पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण देऊन दाखवलं. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिनांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. अमेरिकेच्या डायबिटीस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाच्या तपासणीची बीएमआय मर्यादा २५वरून २३वर आणली ती २०१५ मध्ये. दादाच्या डॉक्टरांपर्यंत ती पोचलीच नव्हती. कोणी पोचवायची?

आमच्या बॅचची एक मैत्रीण इंग्लंडमध्ये लेस्टरला हेच करते. ‘छातीत गॅस धरलाय’ म्हणणाऱ्या आजींना अँटासिड देऊन घरी पाठवू नका, दुखणं हृदयाचं असू शकतं, आधी ईसीजी काढा, हे ती तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना शिकवते. आमचा एक सहकारी मात्र वर्षानुवर्षं म्हणतो, “एनआरआयंचे चोचले पुरवतेय.” कसले चोचले? लेस्टरमधली कित्येक गुजराती कुटुंबं १९७२ मध्ये युगांडातून हाकलली गेलेली. कारखान्यांत पाळ्या करून त्यांनी संसार उभे केले. परळचा गिरणी कामगार आपला आणि तो मात्र परका, हे मला कधीच पटलं नाही.

प्रत्येक पोट सुटलेल्याला मधुमेह असतोच असं नाही, हेही सांगते. आणि पालिकेच्या ओपीडीत डॉक्टर कमी पडतात, हा राग खराच आहे. परत यायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं. तुम्ही डॉक्टर असाल तर आधी टेबलावर टेप ठेवा. त्या सहकाऱ्याच्या दवाखान्यात गेल्या महिन्यात गेले होते, तिथे अजूनही नाही.