जुनी पद्मिनी ड्रॅग रेसमध्ये तिसऱ्या गिअरला दम टाकते, मेन जेट मोठा करू का?

मेन जेटला, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाला, अजून हात लावू नका. तुम्ही लिहिलंय की सांगलीत रोजच्या चालवण्यात गाडी झकास आहे, पण ड्रॅग रेसच्या सरळ 402 मीटरमध्ये निम्म्यानंतर मागून कुणी धरल्यासारखी अडते आणि पाय सैल केला की परत उचलते. जेट लहान असता तर फुल थ्रॉटलला पहिल्या गिअरपासूनच बोंब झाली असती. इथे कार्बोरेटरपर्यंत पेट्रोलच पुरेसं पोहोचत नाहीये.

40 अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ताकदीवर मिनिटाला साधारण 200 सीसी पेट्रोल ओढतं. सुरुवातीला फ्लोट चेंबरमधली (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यातली) शिल्लक भागवून नेते. पंप कमी देत असेल तर पातळी उतरत जाते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. म्हणून दुखणं शेवटी दिसतं. अशा अवस्थेत रेटत राहिलात तर पिस्टनला भोक पडू शकतं, तेवढं मात्र करू नका.

आधी पंप मोजा. इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत, कार्बोरेटरकडचा पाइप काढून मापाच्या डब्यात सोडा आणि इंजिन आयडलला चालू करा. चेंबरमधल्या पेट्रोलवर ते तेवढा वेळ चालतं. आसपास विडी-काडी नको, आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा. 30 सेकंदांत 100 सीसीसुद्धा पडत नसेल तर दोष सापडला.

तरी लगेच पंप बदलू नका. टाकीचं झाकण सैल करून परत मोजा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो. मग फिल्टर, आणि टाकी ते पंप हा रबरी पाइप. माझा पहिला संशय याच पाइपवर. ई20 पेट्रोलने (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) जुनं रबर आतून फुगतं, बाहेरून मात्र पाइप धडधाकट दिसतो. काढून उभा चिरून बघा: आतलं भोक आवळलेलं, बोट फिरवलं तर काळं लागतं. बारीक चीर असेल तर पेट्रोल गळत नाही, उलट पंप हवा ओढतो. पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा) ही त्याच रबराच्या पिढीतला, ई20ला चालणारा टाका.

काही जण थेट इलेक्ट्रिक पंप सुचवतील. अमेरिकेतल्या ताकदवान ड्रॅग गाड्यांत तो मागे टाकीजवळ बसवतात, कारण सुटताना पाइपमधलं पेट्रोल मागे ढकललं जातं. पद्मिनीची उसळी तेवढी नसते. बसवलाच तर दाब 3-4 पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी नीडल दाबाने उघडी राहून कार्बोरेटर ओसंडेल.