‘हेअर’ हा चित्रपट पाहिला तर मूळ रंगमंचीय संगीतिकेची कथा कळते का?

नाही, गाणी बरीचशी तीच असली तरी मिलोश फोरमनच्या १९७९च्या चित्रपटाची कथा वेगळी आहे. फरक नायक क्लॉडपासूनच सुरू होतो. १९६८ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेल्या संगीतिकेत तो न्यूयॉर्कच्या हिप्पी टोळीतलाच एक. सक्तीच्या सैन्यभरतीचं बोलावणं येतं आणि जावं की नाकारावं, या घालमेलीवर सगळा खेळ उभा आहे. शेवटी तो जातो आणि व्हिएतनाममध्ये मरतो. चित्रपटातला क्लॉड मात्र ओक्लाहोमाहून सैन्यात दाखल व्हायलाच न्यूयॉर्कला येतो आणि तिथे त्याला हिप्पी भेटतात. पुढे छावणीत काही तासांसाठी त्याच्या जागी थांबलेल्या बर्गरलाच, म्हणजे हिप्पी टोळीच्या म्होरक्यालाच, विमानात चढवलं जातं, आणि थडगं बर्गरचं होतं (शेवट माहीत नसेल तर क्षमस्व, पण त्याशिवाय फरक सांगताच येत नाही). नायिका शीलाही आंदोलक विद्यार्थिनीऐवजी श्रीमंत घरातली मुलगी झाली आहे. संगीतिकेचे लेखक जेरोम रॅग्नी आणि जेम्स रॅडो या बदलांवर नाराज होते. हिप्पी चळवळीचा युद्धविरोधी गाभाच हरवला, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या मते ते पूर्ण खरं नाही. विमानाच्या काळोख्या पोटात शिरणारी सैनिकांची रांग पाहताना युद्धाची जी भीती वाटते, ती अस्सल आहे. मात्र मूळ संगीतिकेचा अभ्यास करायचा असेल, तर संहिता वाचा आणि ब्रॉडवेच्या संचाचं ध्वनिमुद्रण ऐका.