वजन कोणी उतरवलंय, ते आधी बघा

प्रश्न : २००५ मध्ये जर्मेन टेलरकडून दोनदा हरल्यावर अमेरिकी बॉक्सर बर्नार्ड हॉपकिन्सने १६० पौंडांचा मिडलवेट गट सोडला आणि थेट १७५ पौंडांच्या लाइट हेवीवेटमध्ये गेला. मधूनच १७० पौंडांवर लढती ठरवून घेतल्या. चाळिशी उलटल्यावर असं सोयीचं वजन आणि सोयीचे प्रतिस्पर्धी निवडणं ही पळवाट नाही का?

उत्तर : सोय बघितलीच त्याने. पण पळून गेला कुठे, तर पंधरा पौंडांनी जड असलेल्या गड्यांमध्ये!

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. त्याआधी पाणी बंद, जाड कपडे घालून घाम काढायचा, काट्यावरून उतरलं की पुन्हा खायचं-प्यायचं. पंचविशीतलं शरीर रात्रीत सावरतं, चाळिशीतलं सावरत नाही. मी रिंगणाच्या कोपऱ्यात बॉक्सरच्या मदतीला उभा राहणारा माणूस. चौथ्या-पाचव्या फेरीत मला ते कळतंच. ठोसा येताना दिसतो, पण पाय हलत नाहीत. म्हणून वय झालेला बॉक्सर वरच्या गटात गेला की मला त्यात धाडसापेक्षा हिशेब जास्त दिसतो.

हॉपकिन्सचा हिशेब तर उघड आहे. पदार्पणाची लढत आणि अगदी शेवटच्या दोन सोडा आणि तो कोणाकडून हरला ते बघा : १९९३ मध्ये रॉय जोन्स, मग टेलर, २००८ मध्ये जो कॅल्झाघी, २०१२ मध्ये चॅड डॉसन. सगळे हातापायांनी चपळ. त्याला वेग नडायचा. नुसत्या ताकदीला तो मिठ्या मारून, कोन बदलून, समोरच्याचा हातच मोकळा होऊ न देऊन दमवायचा. वरच्या गटात ताकद जास्त, वेग कमी.

त्यातून जून २००६ मध्ये त्याने निवडला अँटोनियो टार्व्हर. टार्व्हरने एका चित्रपटात हेवीवेट विजेत्याची भूमिका करण्यासाठी वजन वाढवलं होतं आणि आता ते उतरवून १७५वर यायचं होतं. ४१ वर्षांचा हॉपकिन्स वजन चढवून आला, टार्व्हर उतरवून. तिन्ही परीक्षकांनी ११८-१०९ असे गुण दिले, हॉपकिन्सच्या बाजूने.

गंमत म्हणजे टार्व्हरने स्वतः मोठं नाव कमावलं ते असंच वजन उतरवून आलेल्या माणसावर. रॉय जोन्सने मार्च २००३ मध्ये १९३ पौंडांवर जॉन रुईझला हरवून हेवीवेटचा जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला. पुन्हा १७५वर आला, नोव्हेंबरमध्ये टार्व्हरशी कसाबसा जिंकला आणि मे २००४ मध्ये त्याच्याकडूनच दुसऱ्या फेरीत आडवा झाला. जोन्सचं आणि हॉपकिन्सचं वजन वाढवून देणारा तज्ज्ञ एकच, मॅकी शिलस्टोन. फरक इतकाच, की हॉपकिन्स १६०वर परत कधीच गेला नाही. ऑस्कर डी ला होयाही तसाच फसला. डिसेंबर २००८ मध्ये मॅनी पॅकियाओसाठी तो १४७च्या गटात उतरला, काट्यावर भरला १४५. मोठ्याने लहानग्याला गाठलंय अशी ओरड आधी झाली होती. आठ फेऱ्यांनंतर डी ला होया स्टुलावरून उठला नाही.

१७० पौंडांच्या लढतींबद्दल मात्र तुमचं अर्धं पटतं. २००७ मध्ये विंकी राइटला त्या वजनावर आणलं, तो नाव कमावलेला १५४च्या गटातला. तो सौदा हॉपकिन्सच्या फायद्याचाच होता. पण पुढच्या वर्षीचा केली पाव्लिक? २६ वर्षांचा, अपराजित, टेलरला दोनदा हरवलेला. ४३व्या वर्षी कोणी त्याला सोयीचा म्हणून निवडत नाही. हॉपकिन्सने त्याला बाराही फेऱ्या शिकवणी दिली.

२०११ मध्ये जाँ पास्कलला हरवून तो ४६व्या वर्षी जगज्जेता झाला, जॉर्ज फोरमनचा ४५व्या वर्षी जगज्जेता होण्याचा विक्रम मोडून. ४९व्या वर्षी सर्गेई कोव्हालेव्हसमोर उभा राहिला, प्रत्येक फेरी हरला, पण बारा फेऱ्या टिकला. तिथे थांबायला हवं होतं असं माझं मत. २०१६ मध्ये, ५१व्या वर्षी, पुढे घुसून मारणारा जो स्मिथ ज्युनियर त्याने का घेतला हे मला आजही पटत नाही. आठव्या फेरीत हॉपकिन्स दोरांमधून रिंगणाबाहेर पडला.

प्रश्न : मेरी कोमलाही वजनगटांची अशी निवड करता आली असती का?

उत्तर : फारशी नाही. ऑलिंपिकमध्ये जे गट असतील त्यातलाच धरावा लागतो. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी ५१, ६० आणि ७५ किलो एवढेच तीन गट होते. ती जगज्जेती होती ४८ किलोंत. म्हणून ५१मध्ये उतरली, आपल्यापेक्षा उंच आणि थोराड मुलींशी लढली आणि कांस्य आणलं. २०१८च्या जागतिक स्पर्धेत ४८ किलोंचा गट होता, तिथे पुन्हा सुवर्ण. समोर कोण येणार हे सोडत, म्हणजे ड्रॉ, ठरवतो. तिथे ना मॅनेजरचं चालतं, ना बॉक्सरचं.