तळं गोठायच्या आधी

गेल्या अंकात मी यलोनाइफच्या हिवाळ्यावर दोन पानं लिहिली आणि संपादिकाबाईंनी वाचकांच्या प्रश्नांचा गठ्ठाच पाठवला. निम्मे प्रश्न थंडीचे होते, त्यांना एकच उत्तर देऊन मोकळी होते. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मूळची गुहागरकडची. 2010 पासून कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी असलेल्या यलोनाइफमध्ये राहते आणि इथल्या रुग्णालयात प्रसूती विभागात नर्स आहे. घरात नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि अधूनमधून सासूबाई. राजधानी म्हटलं तरी वस्ती वीस हजारांच्या आसपास.

वजा चाळीस अंशांत तुम्ही बाहेर पडता तरी कसे? श्वास घेता येतो का?
*— एक वाचक, नागपूर*

हे नागपूरकरांनी विचारावं! पंचेचाळीस अंशांत भर दुपारी तुम्ही वराती काढता, त्याचं मला कोडं आहे.

श्वास घेता येतो. नाकातले केस काड्यांसारखे होतात, पापण्यांवर बर्फ धरतो आणि घरात पाऊल टाकताच चष्मा पांढरा होतो. पण वजा चाळीस रोज नसतं. जानेवारीची सरासरी वजा पंचवीसच्या जवळपास. वजा चाळीसची गंमत अशी की सेल्सिअस आणि फॅरनहाइट तिथे एक होतात, त्यामुळे आकडा सांगितल्यावर कोणी ‘कुठलं?’ विचारत नाही.

माणसापेक्षा गाडीचे लाड जास्त. इंजिनाला ब्लॉक हीटर असतो, त्याची वायर गाडीच्या पुढून लोंबत असते आणि रात्री ती भिंतीवरच्या प्लगला जोडायची असते. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडच्या गाड्यांना शेपट्या पुढून काय गं?’’ रात्रभर उभी राहिलेली गाडी टायर खालून चपटे करून ठेवते, मग सकाळचा पहिला अर्धा किलोमीटर बैलगाडीतून गेल्यासारखा जातो.

सहा महिने रात्र असते म्हणतात. लहान मुलांच्या मनावर परिणाम होत नाही का?
*— एक आजी, पुणे*

आजी, सहा महिन्यांची रात्र ध्रुवावर. आम्ही 62 अंशांवर, आर्क्टिक वृत्ताच्या साडेचारशे किलोमीटर दक्षिणेला. 21 डिसेंबरला सूर्य दहाच्या सुमारास येतो आणि तीनला जातो. मुलगी अंधारात शाळेत जाते, परत येते तेव्हा उजेड संपत आलेला असतो. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सगळेच घेतात. पण मला विचाराल तर खरा छळ जूनमध्ये. तेव्हा वीस तास सूर्य असतो आणि उरलेले चार तासही नीट अंधार पडत नाही. झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना आम्ही स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवतो. बाहेरून घर डब्यासारखं दिसतं. रात्री अकराला पोरं सायकल चालवत असतात आणि त्यांना हाक मारायला माझं मन होत नाही. सहा महिने कोंडलेली असतात बिचारी.

तुमच्याकडे ऋतू किती? पावसाळा असतो का?
*— एक शिक्षक, सातारा*

आपल्यासारखा पावसाळा नाही. कॅलेंडरात चार ऋतू छापलेले असतात, पण लोकांच्या बोलण्यात दोनच घटना: तळं गोठलं आणि तळं सुटलं. गाव ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठावर आहे. हे उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात खोल तळं, 614 मीटर. ‘सुटलं’ हा शब्द माझ्या मुलीचा. ‘बर्फ फुटला’ म्हणायचं सोडून ती म्हणाली ‘तळं सुटलं’, शाळा सुटते तसं. आता घरात सगळे तेच म्हणतो.

तळं गोठलं की रस्ते वाढतात. समोरच्या काठावर डेत्ता नावाचं, इथल्या मूळच्या डेने लोकांचं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे जायला खाडीला वळसा घालून सत्तावीसेक किलोमीटर, हिवाळ्यात बर्फावरून सहा. डिसेंबरच्या शेवटी-शेवटी हा बर्फरस्ता उघडतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा खालून बर्फ तडकल्याचा आवाज आला, बंदुकीचा बार निघावा तसा. मी दाराच्या कडीला हात घातला. नवऱ्याने शांतपणे सांगितलं की बर्फ बोलतो तोवर बरा असतो. त्याला हे कोणी सांगितलं होतं देव जाणे, तोही माझ्याइतकाच नवा होता.

खरी गंमत मधल्या आठवड्यांची. माझी एक सहकारी खाडीतल्या हाउसबोटीत राहते. उन्हाळ्यात ती होडीने कामावर येते, हिवाळ्यात चालत. पण ऑक्टोबरच्या शेवटी नि मेमध्ये धड पाणीही नाही, धड बर्फही नाही. तेव्हा ती आमच्या सोफ्यावर झोपते. वर्षातून दोनदा येणारी पाहुणी. तिच्या नावाची उशी आहे आमच्याकडे.

आणि पूर्वी या मधल्या आठवड्यांत सगळ्या गावाचीच कोंडी व्हायची. दक्षिणेकडचा रस्ता मॅकेन्झी नदी ओलांडतो. उन्हाळ्यात तिथे फेरीबोट असायची, हिवाळ्यात बर्फरस्ता, आणि मधे काहीच नाही. 2011 च्या वसंतात मी दुकानात कोथिंबीर शोधत होते आणि तिथे केळंसुद्धा दिसेना. नोव्हेंबर 2012 मध्ये डेह चो पूल सुरू झाला आणि ते दिवस संपले. महागाई मात्र पूल ओलांडून आली.

माझी मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला तिकडे यायचं आहे. पाठवू का?
*— एक वडील, नाशिक*

नर्सचा परवाना, त्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा, कागदपत्रांची तपासणी या सगळ्याला वेळ आणि पैसा लागतो, पण तो मार्ग ठरलेला आहे आणि तुमची मुलगी तो तुमच्यापेक्षा लवकर शोधून काढेल. मी सांगते ते वेगळं. पगाराचा आकडा ऐकण्याआधी घर मिळणार का ते विचारा. इथे घरांची टंचाई आहे आणि भाडं ऐकून तुम्हाला खुर्ची लागेल.

दुसरं म्हणजे, एका हिवाळ्यासाठी येणार असेल तर येऊ नये. हे माझं कडक मत आहे. सहा आठवड्यांच्या करारावर नर्स येतात, उत्तरेचा दिव्य प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) पाहतात, फोटो काढतात आणि जातात. वाईट नसतात त्या, त्यांच्याशिवाय आमचं चालतही नाही. पण बाई तिसऱ्या बाळंतपणाला येते आणि तिसऱ्यांदा नव्या चेहऱ्याला पहिल्यापासून सगळं सांगते, तेव्हा तिच्या आवाजात जो कंटाळा असतो तो मी ऐकलाय.

बाळंतपणं इथेही होतात. तिकडे इतक्या लांब राहून त्या कामात वेगळं समाधान काय? (राग मानू नये.)
*— एक निवृत्त परिचारिका, सोलापूर*

राग कसला! तुम्ही म्हणून विचारलंत. बाहेरच्या कोणी हे विचारलंच नसतं.

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते. सातव्यात ओटी भरून पोरीला आणतात आणि पुढचे महिने ती आईच्या हातचं खाते. इथे नेमकं उलटं आहे. उत्तरेची गावं म्हणजे काही शेकड्यांची वस्ती. गामेती, वेक्वेती अशा गावांना बारमाही रस्ता नाही, फक्त विमान आणि हिवाळ्यात बर्फरस्ता. आरोग्य केंद्र आहे, नर्स आहे, पण बाळंतपणाची सोय नाही. म्हणून दिवस भरायच्या दोन-चार आठवडे आधी बाईला विमानात बसवून इथे पाठवतात. शेजारच्या नुनावुत प्रदेशातूनही येतात. कुग्लुक्तुक इथून सहाशे किलोमीटर उत्तरेला, आर्क्टिक समुद्राच्या काठावर. तिथून आलेली बाई बोर्डिंग होममध्ये राहते आणि वाट बघते. घरी दोन पोरं असतात, त्यांना कोण जेवू घालतंय याची चिंता तिला कळांपेक्षा जास्त. हल्ली सोबत एक माणूस येऊ शकतो. पूर्वी कित्येकजणी एकट्याच यायच्या.

म्हणजे बाई आपलं माहेर, सासर दोन्ही मागे ठेवून बाळंत व्हायला परक्या गावात येते. आणि तिथे मी. मीही परकी.

एका फेब्रुवारीतली गोष्ट सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. बाई समुद्रकाठच्या गावातली. तिची आई येणार होती, पण तिकडे बर्फाचं वादळ आणि सलग तीन दिवस विमान रद्द. पोटातल्या बाळाला वेळापत्रक कुठे कळतंय? रात्री दोनला कळा वाढल्या. तिने फोन उशीवर ठेवला, स्पीकर लावला आणि पलीकडून तिची आई बोलत राहिली, इनुइनाक्तुन या त्यांच्या भाषेत. मला एक शब्द कळत नव्हता. पण लय कळत होती. आधी दटावणं, मग चुचकारणं, मग ‘झालंच आता, थोडंच राहिलंय’. माझ्या वेळी माझी आई गुहागरहून फोनवर हेच करत होती, तिथे दुपार आणि इथे मध्यरात्र. बाळ पहाटे झालं. मी फोन त्याच्या कानाशी नेला, ते काही माझ्या कामाच्या यादीत नव्हतं.

मग तिने बाळाला जे म्हटलं ते मला दुभाषीबाईंनी सांगितलं. तिने त्याला ‘आजोबा’ म्हटलं. तिच्या इनुइट लोकांत वारलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात आणि मग त्या माणसाचं नातंही बाळाकडे येतं. मला आमच्या आजीची आठवण झाली. माझ्या भावाला आजोबांचं नाव ठेवलं, तर आजी नवऱ्याचं नाव कसं घेणार म्हणून आयुष्यभर त्याला ‘अरे बाळ्या’ म्हणत राहिली. दोन टोकांच्या दोन बायका, एकीला नाव घ्यायचं नाही आणि एकीला नात्यासकट घ्यायचंय!

आठवड्याने ती विमानतळाकडे निघाली तेव्हा बाळ तिच्या अमाउतीत होतं. अमाउती म्हणजे पाठीवर मोठा कप्पा असलेला बायकांचा कोट. बाळ आईच्या पाठीला लागून आत बसतं, वर टोपी. आपली झोळीच, फक्त पाठीवरची. डेने लोकांकडे दुपट्यासारखी मॉस बॅग असते, मण्यांची नक्षी असलेली, दोरीने बांधायची. पूर्वी त्यात वाळवलेलं शेवाळ भरत, ते ओल शोषून घेतं. मॉस बॅगेत गुंडाळलेलं बाळ मी इतकं शांत झोपलेलं पाहिलंय की आमचे रुग्णालयाचे पांढरे टॉवेल मला खुळ्यासारखे वाटतात.

माझा पहिला महिना आठवतो. त्लिचो या डेने समाजातल्या एका म्हाताऱ्या आजींना मी पाणी दिलं आणि त्या म्हणाल्या, ‘‘मासी.’’ मला भरूनच आलं. म्हटलं, यांना कसं कळलं मी मावशी म्हणून! दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांच्या भाषेत ‘मासी’ म्हणजे धन्यवाद. मी अजूनही ते मावशी असंच ऐकते. पुढच्या खेपेला त्यांनी मला तळ्यातला सुका मासा आणून दिला. सासूबाईंनी पिशवी उघडून वास घेतला आणि इथे आल्यापासून पहिल्यांदा म्हणाल्या, ‘‘हं, माणसं राहतात इथे.’’ पूर्वी त्या आजींच्या घरी कॅरिबूचं, म्हणजे इकडच्या रेनडिअरचं, सुकं मांस असायचं. इथला बाथर्स्ट कळप 1980 च्या दशकात साडेचार लाखांवर होता, 2018 मध्ये आठ हजारांच्या आसपास उरला. आता त्या जास्त मासाच सुकवतात.

2023 मध्ये सगळं शहर रिकामं केल्याची बातमी वाचली होती. तुम्ही तेव्हा कुठे होतात?
*— एक वाचक, कोल्हापूर*

कामावर. 16 ऑगस्टला संध्याकाळी वणव्यामुळे आदेश आला, 18 तारखेच्या दुपारपर्यंत सगळ्यांनी निघायचं. मी रुग्णांना हलवण्याच्या गडबडीत, त्यामुळे नवरा आणि मुलगी गाडीने निघाले. बाहेर जाणारा रस्ता एकच आणि दोन्ही बाजूंना धूर. वाटेतलं एंटरप्राइझ नावाचं छोटं गाव तीन दिवसांपूर्वीच जवळजवळ सगळं जळून गेलं होतं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. बॅगेत काय घेऊ म्हणून तिने विचारलं नाही, शाळेत आजीबाईंकडे शिकत असलेलं अर्धवट मण्यांचं काम घेतलं आणि गाडीत बसली. नवऱ्याने देव घेतले, पासपोर्ट घेतले आणि चपला विसरला. मी नंतर विमानाने गेले. 6 सप्टेंबरपासून परत येऊ दिलं. घर होतं तसं होतं. कुंडीतला कढीपत्ता तेवढा वाळून काडी झाला होता, तेरा वर्षं जपलेला.

सगळ्यांसारखी मीही आता जुलैमध्ये सकाळी उठल्यावर आधी हवेचा वास घेते.

परत कधी येणार?
*— हा प्रश्न सात जणांनी विचारला आहे, गावं वेगवेगळी*

आठवी माझी आई. तिची-माझी वेळ हिवाळ्यात साडेबारा तासांनी चुकते. रात्रपाळी संपवून मी गाडीत बसते तेव्हा तिथे रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि ती जेवण आटपून फोनची वाट बघत असते. दर वेळी हाच प्रश्न. मी पूर्वी तारखा सांगायचे, मग रजा बदलायच्या आणि ती रुसायची. गेल्या वर्षी थकून म्हटलं, ‘‘आई, तळं गोठायच्या आधी येते.’’

ती काही बोलली नाही. आता शेजारच्या काकू विचारतात तेव्हा ती, जिने गोठलेलं पाणी फ्रीजबाहेर कधी पाहिलं नाही, ठामपणे सांगते, ‘‘तळं गोठायच्या आधी येतेय.’’ काकू विचारतात, ‘‘म्हणजे कधी?’’ त्यावर आई म्हणते, ‘‘ते तळ्यालाच माहीत, पण दिवाळीच्या आसपास धरून चाला.’’